तळाशी उरलेले थेंब

गल्लीत सगळे तिला न्हाणकाकू म्हणत. बावीस वर्षं ती लोकांची कुत्री-मांजरं न्हाऊ घालून पोट भरत होती. हात इतका हलका, की चावरं कुत्रंही तिच्या टबात डुलक्या काढी. आणि काही वाया घालवणं तिच्या जिवावर येई. मोठ्या कुत्र्याच्या मानेवर गोचिडांचं औषध टाकलं, की नळीच्या तळाशी उरलेले थेंब ती जपून ठेवी आणि एखादं मांजर आलं, की त्याला फुकट लावी. पिसवा आता फिरकायच्या नाहीत, म्हणे.

त्या सकाळी असेच थेंब तिने सासूबाईंच्या मांजरीला लावले. सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळलेल्या; सुनेशी धड बोलत नसत, मांजरीशी मात्र दिवसभर गप्पा.

दुपारी त्या गप्पा बंद झाल्या. न्हाणकाकूने डोकावलं. मांजरीच्या पाठीची कातडी आपोआप हलत होती, जणू आतून कुणी बोटं फिरवतंय. रिकाम्या कोपऱ्याकडे ती डोळे फाडून बघत होती.

"तिला कोण दिसतंय गं?" सासूबाईंनी हळूच विचारलं. "मला न्यायला आलंय का कुणी?"

तेवढ्यात मांजरी आडवी पडली, पाय ताठ करून थडथड उडू लागली. काकूने तिला टॉवेलात गुंडाळलं आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे धाव घेतली.

काय खाल्लं, काय लावलं, बाईंनी विचारलं. काकूच्या मनात आलं, खरं सांगितलं तर बावीस वर्षांचं नाव मातीत. टेबलाच्या पत्र्यावर मांजरीची नखं टकटक वाजत होती.

"कुत्र्याचं औषध लावलंय," ती म्हणाली. "मीच."

मग सुई टोचली गेली. झटके जरा उतरल्यावर कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने मान धुतली, तीही काकूनेच. कुत्र्याला सोसणारी काही औषधं मांजराच्या शरीराला पचतच नाहीत, थोडीशीही जिवावर बेततात, बाई सांगत होत्या. खोक्यावर तसं छापलेलं असतं. काकूकडे गिऱ्हाइकं नुसत्या नळ्याच आणत; खोकं तिने कधी पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी थरथर थांबली. वाचेल, असं म्हणून बाईंनी हातमोजे काढले.

"आणखी कुणाला लावलेत हे थेंब?"

 एकदा येऊन पुन्हा न आलेली मांजरं न्हाणकाकूला एकेक करून आठवू लागली; गल्लीतल्या शिंप्याची करडी मांजरी त्यातलीच. औषध लागू पडलं, म्हणून येत नसतील, असं ती आजवर समजत होती.

बाहेरच्या बाकावर बसून तिने शिंप्याला फोन लावला. तुमची करडी कशी आहे, एवढंच विचारलं.

पलीकडे शिलाई मशीन चालू होतं. ते थांबलं.