भिऊन घेणारी बाई

काशीताई कोणतंही काम सुरू करण्याआधी भिऊन घेत. आपण चहा घेतो, कुणी देवाला हात जोडतं, तसं. ग्रामसभा असो, पाण्याची नवी टाकी असो, शाळेच्या पोरांची सहल असो, त्या आधी गप्प बसत, डोळे बारीक करत आणि ह्यात काय काय वाईट होऊ शकतं ते एकेक मोठ्यानं बोलून दाखवत. पोरं टाकीत डोकावतील. सहलीची गाडी घाटात बंद पडेल. सगळं भिऊन झालं की पदर खोचत आणि म्हणत, "चला. आता लागू कामाला."

मी हसायचो. सगळेच हसायचे. त्यांना त्याचं काही वाटत नसे. "भ्यायला काय घरपट्टी लागती का, भाऊ?" त्या म्हणत. "फुकाट हाय. भिऊन घ्यावा."

पेठच्या पुढे, घाट उतरल्यावर डोंगरांच्या घडीत त्यांचं गाव आहे. गावाचं नाव मी लिहीत नाही. काशीताई तिथल्या सरपंच होत्या आणि मी तालुक्याच्या कार्यालयातला विस्तार अधिकारी. गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेटची फायबर केबल पोचवायची, डबा बसवायचा, तो चालू आहे की नाही ह्यावर लक्ष ठेवायचं, हे काम माझ्याकडे होतं. माझे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला. तिथल्या धुरांड्यांच्या सावलीत मी वाढलो. तार आली की उजेड येतो, ह्यावर माझा लहानपणापासून विश्वास. त्यामुळे पहिल्या भेटीत काशीताईंनी विचारलेला प्रश्न मला अडाणीपणाचा वाटला.

"ह्या तारेतून काय जातं म्हनले?"

"उजेड, ताई. काचेच्या बारीक धाग्यातून उजेड जातो."

"आन् उजेड इझला तं?"

बाहेर ओट्यावर बसलेले बाप्ये खो खो हसले. एकजण म्हणाला, "ताई, पयला लागू तं द्या, मंग इझवा!" काशीताईंनीही तोंडाला पदर लावला. पण मी निघताना गाडीपर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, मी इचारलं त्याचं उत्तर ऱ्हायलं."

त्या गावात तेव्हा मोबाईलला रेंज नव्हती. ओहळापलीकडच्या टेकडीवर तेवढी यायची. म्हणून काशीताईंनी एक रीत घालून दिली होती: टेकडीची पाळी. पावसाळाभर रोज एका घरातलं एक माणूस गावचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टेकडीवर जायचं आणि दिवस मावळेपर्यंत तिथं बसायचं. बसायला खोप होती, बांबूची, वर सागाची पानं. कुठल्या पाड्यावर कुणाला सापानं धरलं, कुणी बाई अडली, तर पाड्यापाड्यातून कूक घालत, मोठ्यानं हाका देत निरोप टेकडीपर्यंत पोचायचा आणि वरचा माणूस दवाखान्याची गाडी बोलवायचा. ओहळाला पाणी चढलं तर पाळीवाल्यानं उतरायचं नाही. पाणी ओसरेपर्यंत खोपीत बसून राहायचं, हा दंडक.

आणखी एक दंडक होता. एकदा एक गडी छाती काढून म्हणाला, "मी जातो ताई, मला कशाचं भ्या नाय." काशीताईंनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला. "मंग तू नको," म्हणाल्या. "ज्याला भ्या नाय त्याला पाळी नाय. तू पान्यात पाय घालशील."

ही रीत कुठून आली, ते त्या मला एकदाच बोलल्या. नागलीची भाकर थापत होत्या, तव्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "माझी थोरली बहीन घाटात गेली. डोलीत. पोट आडलं व्हतं. गाडीला सांगाया कोनी नव्हतं." भाकर उलटली. "तवापासून मी भिते. आदी मी बी हसायची."

केबल आली. घाटातून खांबांवरून आली, ग्रामपंचायतीच्या खोलीत डबा बसला, त्यावर हिरवे दिवे लुकलुकायला लागले. त्या दिवशी अख्खं गाव ओट्यावर होतं. मुंबईला बांधकामावर गेलेल्या पोराचा चेहरा त्याच्या म्हातारीनं फोनमध्ये पाहिला आणि त्याला म्हणाली, "लय वाळलास रं. खातू का नाय?" सगळे हसले, मग डोळे पुसायला लागले. ते खोटं नव्हतं. नेटनं त्या गावाचं भलं केलं. म्हाताऱ्यांच्या पेन्शनचा अंगठा गावातच उठायला लागला, एका पोराच्या पायाची जखम शहरातल्या डॉक्टरनं खोलीतल्या पडद्यातून बघून औषध सांगितलं. काशीताई रोज सकाळी खोली उघडून डब्याचे दिवे बघत. गाईच्या अंगावर ठेवावा तसा डब्यावर हात ठेवत. "ऊन लागतोय," म्हणत. "जित्ता हाय."

उद्घाटनाला वरून साहेब येणार होते. त्याच सुमारास दुसऱ्या कुठल्याशा गावातले लोक रेंजसाठी टेकडीवर बसल्याचा फोटो पेपरात आला होता आणि त्यावरून बैठकीत आमची चांगलीच हजामत झाली होती. ओट्यावर फीत बांधली तर फोटोत मागे टेकडी येत होती. टेकडीवर खोप.

मी काशीताईंना म्हणालो, "ताई, ती खोप काढून टाका. नेट आलंय, आता टेकडीवर माणूस बसलेला दिसला तर आमची शोभा होईल."

"ह्यो पावसाळा निघू द्या, मंग मोडू."

"अहो, आता कशाला टेकडी? इथूनच खोलीतून फोन लागतो."

"लाईन गेली तं?"

"मला सांगा. मी आहे ना."

"लाईन गेली तं तुमाला सांगू कशानं?"

पुन्हा हशा. ह्या वेळी मीही पोट धरून हसलो. मग गंभीर होऊन म्हणालो, "ताई, माझ्या कार्यालयात पडद्यावर सगळी गावं दिसतात. चालू असलं की हिरवा ठिपका, बंद पडलं की लाल. तुमचा ठिपका लाल दिसला की मी स्वतः गाडी घेऊन सांगायला येईन. शब्द देतो. घाबरू नका."

त्यांनी एकदा टेकडीकडे पाहिलं. "तुमी म्हनता म्हून," एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी खोप मोडली. बांबू कुणीतरी कुंपणाला नेले. फोटो छान आला. मागे हिरवी, मोकळी टेकडी.

पाळी बंद झाली.

श्रावणात झड लागली. घाटात दरडी सुटायला लागल्या होत्या. त्या सकाळी मी कार्यालयात आलो, पडदा लावला आणि काशीताईंच्या गावाचा ठिपका लाल होता. घाटातला खांब दरडीबरोबर गेला, असं दुरुस्तीवाल्यांनी सांगितलं. पाऊस थांबल्याशिवाय वर चढता येणार नाही.

मी जायला हवं होतं. गाडीची चावी टेबलावर होती. मी खिडकीतून पाहिलं. समोरची झाडं दिसत नव्हती इतकं धुकं. त्या घाटात आदल्याच आठवड्यात माझ्या डोळ्यांसमोर एक दगड रस्त्यावर येऊन पडला होता. ताशीव, म्हशीएवढा. तो आवाज माझ्या कानातून गेला नव्हता. मला भीती वाटली. काशीताई असत्या तर ओट्यावर बसून मोठ्यानं बोलल्या असत्या, "मला भ्या वाटतंय, दुसरं कोनी जा, नायतर दोघं जाऊ." मी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला म्हणालो, "आधी अहवाल येऊ दे. उद्या बघू." आणि चहा मागवला. आयुष्यभर मी भीती अशीच गिळत आलो होतो, कामात आहे असं दाखवून.

मी सकाळीच सांगायला गेलो असतो, तर काशीताईंनी आधी भिऊन घेतलं असतं. गावातल्या सुंदराचे दिवस भरत आले होते, तिला ओहळाला पाणी नसताना, उजेडी, रस्त्याच्या कडेच्या पाड्यावर नेऊन ठेवलं असतं. टेकडीवर दोघं बसवले असते. पण खोलीचं दार उघडून त्यांनी डबा पाहिला, तो दुपारी, सुंदराला कळा लागल्यावर. पावसात लाईट जाऊन येऊन होती, म्हणून दिवे विझले तरी येतील परत, असं कुणीतरी सांगितल्यानं त्या सकाळी खोलीकडे गेल्या नव्हत्या. आणि तसंही, लाल दिसलं तर भाऊ येणार होते.

दुपारी माझा फोन वाजला. पडद्यावर काशीताईंचं नाव. नाव बघताच कळलं की त्या टेकडीवर आहेत. दुसरीकडून त्यांचा फोन लागूच शकत नव्हता.

"भाऊ, लाईन गेली." वाऱ्याचा आवाज नुसता. त्या धापा टाकत होत्या आणि मधेच हसल्याही. "तुमी म्हनले व्हते ना सांगा, म्हून सांगते."

मला माहीत होतं, हे मी म्हणालो नाही. "हो का? बघतो," म्हणालो.

"दवाखान्याची गाडी निघाली म्हनले. सुंदराला डोलीत घालून रस्त्याकं नेलंय. तिचं व्हईल नीट." मग आवाज बदलला. "भाऊ, मी एकलीच वर हाय. पोरांना म्हनलं नगा येऊ. येताना ओहळाला घोट्याएवढं पानी व्हतं, आता मांडीला लागंल. हितं बसाया आडोसा नाय. इजा चमकत्यात. काय करू? थांबू का उतरू? मला लय भ्या वाटतंय."

हे मी ह्या श्रावणापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्यासमोर वरचे अधिकारी उभे होते, पडद्यावर लाल ठिपका होता आणि त्या बाईच्या आवाजात माझा शब्द होता, माझी मोडलेली खोप होती. मला तो फोन संपायला हवा होता. आमच्या नोकरीत एक वाक्य जिभेवर कायम तयार असतं.

"काही होत नाही, ताई. उतरा. भिऊ नका."

त्या म्हणाल्या, "तुमी म्हनता म्हून."

त्यानंतर मी किती वेळा फोन लावला! संपर्क क्षेत्राबाहेर. घरी जेवताना लावला, बायको म्हणाली, कुणाला लावताय, मी म्हणालो, कामाचं आहे. सकाळी मी घाटात गाडी घातली. धुकं तसंच, दरडी तशाच. कड्याकडून खडा जरी सुटला तरी मी ब्रेक दाबत होतो. पण ती भीती दगडाची नव्हती, गाव जवळ येत होतं त्याची होती. वळणावर एक माणूस इरलं पांघरून उभा दिसला. त्यानं मला ओळखलं आणि हात केला नाही. तेव्हाच मला समजलं.

ओहळाच्या खालच्या अंगाला, बांबूच्या बेटात त्या सापडल्या. सुंदराला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. फोन पाण्यात गेला. कुणी मला काही विचारलं नाही. सगळ्यांना वाटलं, काशीताई एवढी भित्री बाई, ती पाण्यात उतरलीच कशी? चुकून पाय सरकला असेल.

दिवसकार्याला त्यांची मुलगी मंजुळा माझ्याजवळ येऊन बसली. सासरहून आली होती. म्हणाली, "साहेब, आई लय भित्री. तुमाला तं ठावं. शेवटाला लय भ्याली असंल का ओ ती?"

"नाही," मी म्हणालो.

तिला बरं वाटलं. तिनं माझ्यापुढं चहा ठेवला. मी तो प्यायलो.

पुढे लाईन जोडली गेली, खांब नवे आले, आता त्या गावात नेट चांगलं चालतं. पण लोकांनी खोपही पुन्हा बांधली. मंजुळा माहेरी राहायला आली आणि पाळी लावायचं काम तिनं घेतलं. डबा जित्ता असला तरी श्रावणात टेकडीवर माणूस असतो. वरून साहेब आले आणि कुणी नाराज झालं, तर मी आता खोपीकडे बोट दाखवून सांगतो, ती राहणार.

ह्या श्रावणात मी मंजुळाच्या घरात बसून तिला सगळं सांगितलं. ठिपका, चावी, चहा, फोन. "उतरा म्हणालो. भिऊ नका म्हणालो," हेही सांगितलं. ती नागली निवडत होती. तिचा हात थांबला नाही. मला त्या न थांबणाऱ्या हाताची जेवढी भीती वाटली, तेवढी कशाचीच कधी वाटलेली नाही. मग तिनं सूप बाजूला ठेवलं, फोन पिशवीत घातला, पिशवीचं तोंड करकचून बांधलं. बाहेर पाऊस होता. त्या दिवशी तिच्याच घराची पाळी होती.

उंबऱ्यात ती थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "भ्या वाटतंय का?"

"वाटतंय," मी म्हणालो. "लय."

तिनं खुंटीवरचं दुसरं इरलं काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

"मंग या."