हायकोर्टाचा एक शब्द

गल्लीत त्याला सगळे ‘हायकोर्ट’ म्हणत. वास्तविक तो खालच्या कोर्टातला साधा लघुलेखक. जजसाहेब बोलतील ते भराभर टिपायचं, मग टाइप करून सहीला ठेवायचं, एवढंच काम. पण तीस वर्षं साहेबांपासून हातभर अंतरावर बसलं की माणसाला वाटायला लागतं, आपणही थोडेफार साहेबच. गल्लीत कुणाचा निकाल लागला की हा मान डोलवून म्हणायचा, “मला आधीच ठाऊक होतं.” डोंबलाचं ठाऊक होतं!

आणि नेमका त्याच्याच कोर्टात त्याच्या मेहुण्याचा खटला आला. मेहुण्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. हातभर रुंदीचं, पण घर त्यावरच चालायचं. जागेच्या मालकाला ते रिकामं करून हवं होतं.

“अहो, साहेबांच्या कानावर एक शब्द घाला,” बायको म्हणाली. “रोज तर सांगता, साहेब तुम्हाला विचारल्याशिवाय पान हलवत नाहीत!”

आता स्वतःच्याच फुशारकीने गळा धरलेला. चार दिवस त्याने आंघोळ करताना वाक्य घोकलं. पाचव्या दिवशी साहेब सह्या करत असताना तो घसा खाकरून म्हणाला, “साहेब, ते घड्याळवाले... माझे सख्खे मेहुणे.”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. “बरं झालं सांगितलंत.”

काम फत्ते! गडी मनातल्या मनात हार घालून घेतोय, तोवर साहेब म्हणाले, “वही काढा. लिहून घ्या.”

त्याने वही काढली आणि आपल्याच हाताने आपली फजिती टिपून घेतली. खटला दुसऱ्या कोर्टाकडे द्यावा, असं ते वरिष्ठांना पत्र होतं. टाइप करताना त्याने तीन कागद फाडले. घरी मात्र ऐटीत सांगितलं, “चक्रं फिरवली आहेत.”

चक्रं आठ महिने फिरली. नव्या जजबाईंपुढे सगळं पहिल्यापासून. मेहुणा वाळून अर्धा झाला. शेवटी भाडेकरार बघून बाईंनी दुकान त्याच्याकडेच ठेवलं.

त्याच संध्याकाळी मेहुणा भिंतीवरचं मोठं घड्याळ घेऊन हजर. “दाजी, तुमच्या एका शब्दाने दुकान वाचलं!” मागोमाग शेजारचा शिंपी, काखेत फाइल. “हायकोर्ट, आमचंही तेवढं बघा. तुमच्या खिशातच आहेत ना सगळे जज?”

आपले साहेब, खिशात? त्याला एकदम कसंसंच झालं. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन कागद वाचत बसणारा तो माणूस याने रोज गल्लीत फुकट वाटला होता.

“मी काही केलं नाही,” तो म्हणाला.

“असंच म्हणायचं असतं!” मेहुण्याने डोळा मारला.

“अरे, ऐका तरी!” तो ओरडलाच. पत्र त्याला तोंडपाठ होतं. त्याने ते उभ्याने म्हणून दाखवलं. “माझ्या लघुलेखकाने पक्षकाराशी असलेलं नातं आज मला सांगितलं. आता मी कुणाच्याही बाजूने निकाल दिला, तरी तो मी दिला की नात्याने, ही शंका राहील.”

शिंप्याने हळूच फाइल पुन्हा काखेत मारली.

“म्हणजे हे आठ महिने तुमच्यामुळे?” मेहुण्याने विचारलं.

“माझ्यामुळे.”

बायको पुढे आली. “आणि आधीचे साहेब? ते काय निकाल देणार होते?”

“ते मला कसं कळणार?” तो म्हणाला. “मी नुसता शेजारी बसतो गं. साहेब तोंड उघडेपर्यंत मला कधीच काही कळलेलं नाही.”