अथेन्स, चीन आणि बाबांची किल्ली

वॉटफर्डच्या आमच्या घरात रविवारी नाश्त्याच्या वेळी मतदान होते. सुट्टीला कुठे जायचे, बैठकीच्या खोलीला कोणता रंग द्यायचा, असले प्रश्न पोहे संपण्याआधी हात वर करून सुटतात. ही पद्धत बाबांची. साउथहॅम्प्टनच्या इस्पितळातून निवृत्त झालेले माझे वडील आई गेल्यावर आमच्याकडे राहायला आले, तेव्हा त्यांनीच ती सुरू केली. घरात एकाचाच हुकूम चालू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

यंदा मार्चमध्ये बाबा गाडी चालवत असताना मी शेजारी बसलो होतो. राउंडअबाउटच्या गोल चौकातून बाहेर पडताना डावीकडची सायकल त्यांना दिसली नाही. सायकलवाला वेळीच थांबला म्हणून निभावले. मी काही बोललो नाही. घरी येऊन बायकोला सांगितले. विषय रविवारी मांडायचा असे आम्ही दोघांनी ठरवले.

त्या रविवारी मुलीने आधी शाळेच्या प्रेझेंटेशनची तालीम केली. प्राचीन अथेन्स आणि चीन यांच्या राज्यकारभाराची तुलना, असा विषय होता.

"अथेन्समध्ये सगळे व्होट करायचे."

"सगळे?" बाबांनी विचारले.

"म्हणजे पुरुष, आजोबा. बायका नाही, स्लेव्ह नाही, बाहेरून आलेले पण नाही."

"म्हणजे या टेबलावरचं कुणीच नाही," बायको म्हणाली.

"आणि कोणी डेंजरस वाटला, तर त्याचं नाव खापरीवर लिहायचं. जास्त व्होट पडले की टेन इयर्स शहराच्या बाहेर. नो ट्रायल!"

"आणि चीनमध्ये?"

"तिथे एम्परर टॉपला, घरात बाबा टॉपला. व्होट नाही. पण एम्परर चुकला, तर ऑफिसरने त्याला तोंडावर सांगायचं. ती त्याची ड्यूटी. मुलाने पण बाबाला सांगायचं, पोलाइटली."

"आमच्या चिरंजीवांनी मला आजवर फक्त मिठाबद्दल सुनावलंय," बाबा म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

मग मी विषय मांडला. बाबांनी गाडी चालवणे थांबवावे का? बातमी वाचावी तसे एका दमात बोललो. माझा हात वर गेला, बायकोचा गेला. मुलीने माझ्याकडे पाहिले आणि हात अर्धवट वर केला. बाबांनी दोन्ही हात टेबलावरच ठेवले.

"तीन विरुद्ध एक," ते म्हणाले. "सायकलमुळे?"

"हो."

"मग तेव्हाच का नाही बोललास? गाडीत आपण दोघंच होतो."

"सगळ्यांनी मिळून ठरवावं असं वाटलं, बाबा."

"अरे, दिसलं तुला. यांना काय दिसलं होतं?"

त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि पोह्यांच्या बशीशेजारी ठेवली. मुलगी प्रेझेंटेशनचे कागद गोळा करत होती. ती त्यांना सॉरी म्हणाली. तिने माफी मागण्याचे काही कारण नव्हते.

निर्णय बरोबर होता, असे मला आजही वाटते. पण वडिलांना एकट्याने सांगायची गोष्ट सांगायला मी धजावलो नाही. माझा हात एकटा दिसू नये म्हणून आणखी दोन हात वर करवले, आणि त्यांतला एक त्यांच्या नातीचा होता.

गुरुवारी बाबा मित्राकडे ब्रिज खेळायला जातात. त्या गुरुवारी मी त्यांना सोडायला निघालो. ते मागच्या सीटवर बसले. मला गाडी त्यांनीच शिकवली आहे. शेजारी बसले की आरसा बघ, गिअर बदल, अशा सूचना अजूनही चालू असत. त्या दिवशी ते गप्प होते.

त्याच राउंडअबाउटवर डावीकडे एक सायकल आली. मला ती उशिरा दिसली. करकचून ब्रेक दाबला. मागच्या आरशात पाहिले, तर बाबा मान वळवून त्या सायकलकडेच पाहत होते. ब्रेक लागण्याच्या आधीपासून पाहत असावेत.

"बाबा, दिसली होती तर सांगायचंत ना!"

"रविवारी मांडतो," ते म्हणाले.

त्यानंतर बरेच रविवार गेले. त्यांनी तो विषय अजून मांडलेला नाही. ते मागच्याच सीटवर बसतात. पुढे बसा, एवढे मला त्यांना एकट्याने सांगायचे आहे.