टाळ्यांचा तक्ता

गल्लीतल्या घड्याळजींना सगळे सेकंदकाका म्हणत. हे नाव पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघालं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ज्यानं ठेवलं त्याला माणसाची पारख होती एवढं नक्की. काकांनी गिऱ्हाइकाला चार वाजता बोलावलं आणि तो चारला पाच कमी असताना टपकला, तर त्याला पाच मिनिटं पायरीवर उभं राहावं लागे. घड्याळ घेऊन येणाऱ्या माणसापेक्षा ते त्याच्या घड्याळाशी जास्त मायेनं बोलत. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला किल्ली जरा जास्त दिली गेली होती.

वर्षातून एक दिवस मात्र या दुकानाचं सभागृह व्हायचं. राष्ट्राध्यक्ष लोकप्रतिनिधींसमोर वर्षाचं अभिभाषण करत, ते सकाळी अकराला टीव्हीवर दाखवत, आणि आजूबाजूचे दुकानदार शटर अर्धं ओढून काकांकडे येत. घरोघरी टीव्ही असताना ही मंडळी इथंच का जमायची? एकट्यानं भाषण ऐकलं तर नुसतं ऐकावं लागतं, चार जणांत ऐकलं की मध्ये बोलता येतं. शेजारचा शिंपी भाषणातला एक शब्द कानावर घेत नसे. त्याचे डोळे सगळे कोटावर. "डावा खांदा अर्धा इंच उतरलाय, हे देश काय सावरणार?" असं तो एका वर्षी म्हणाला आणि ते वाक्य पुढं वर्षभर गल्लीत चाललं. निवृत्त शाळाबाईंना ते सभागृह म्हणजे आपलाच वर्ग वाटे. "तिसऱ्या रांगेतला पेंगतोय बघा. उठवा रे त्याला कुणीतरी!" आणि समोरचा बेकरीवाला प्रत्येक आश्वासनाला एकच उत्तर देई, "बोलायला काय जातंय?"

काका काहीच बोलत नसत. ते टाळ्या मोजत.

मोजत म्हणजे अक्षरशः मोजत. सव्वीस वर्षांपूर्वी एका क्रीडाशिक्षकानं दुरुस्तीला टाकलेलं स्टॉपवॉच न्यायला तो परत आलाच नाही. त्याच सुमारास शिंप्याची आणि शाळाबाईंची जुंपली होती, की जास्त टाळ्या रस्त्यांच्या घोषणेला पडतात की शाळांच्या. पुढच्या भाषणाला काकांनी स्टॉपवॉच हातात धरलं आणि वाद निकालात काढला. रस्ते एकोणीस सेकंद, शाळा अकरा. बाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. मग घड्याळाचा पट्टा बदलायला आलेल्या एका बातमीदाराच्या हाती तो कागद लागला, आणि तेव्हापासून भाषणाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात तिसऱ्या पानावर काकांचा तक्ता छापून येऊ लागला. डावीकडे विषय, उजवीकडे सेकंद, आणि पुढं एक अक्षर, 'म' किंवा 'रि'. म म्हणजे मनापासून, रि म्हणजे रिवाजापुरती. हा फरक काका टाळ्या संपताना ओळखत. रिवाजाची टाळी नळ बंद केल्यासारखी थांबते. मनापासूनची रेंगाळते, इकडंतिकडं एखादा वाजवतच राहतो. लोक भाषण संध्याकाळपर्यंत विसरत, पण तक्ता कापून ठेवत.

तक्त्याचा नियम एकच. मोजायचं ते त्या क्षणी, एकदाच. नंतर पुन्हा दाखवतात ते पाहून आकडा दुरुस्त करायचा नाही. "गेलेला सेकंद परत आणून मोजायचा म्हणजे फोटोतल्या माणसाची नाडी बघण्यातला प्रकार," असं काका म्हणत.

आता लेकीविषयी. काकांना एकुलती एक मुलगी. लहानपणी भाषणाच्या दिवशी ती शाळेला दांडी मारून काकांना चिकटून बसायची. काका आकडा सांगायचे, ती लिहायची. पुढं कामातही तिचा हात बसला. केसाएवढी बारीक स्प्रिंग चिमट्यात धरून ती अशी बसवायची की काका नुसते बघत राहायचे. त्यांनी मनातल्या मनात दुकानाच्या पाटीवर तिचं नाव रंगवूनसुद्धा टाकलं होतं. आणि एकविसाव्या वर्षी पोरगी म्हणाली, मी अग्निशमन दलात जाते.

"ही बोटं काय दोर ओढायला आहेत?" काका म्हणाले.

"बोटं माझी आहेत, बाबा."

शब्दानं शब्द वाढत गेला आणि काकांच्या तोंडून निघून गेलं, "मग तिथंच कुणाला तरी बाप म्हण." ती गेली. त्याला चार वर्षं झाली. दर रविवारी तिचा आईला फोन येई, आणि त्या वेळी काका खाली उतरून बंद दुकानात बसत. आधी कोण हाक मारणार एवढाच प्रश्न उरला होता, आणि हट्टाला दोघं एकाच मातीचे. मध्ये काकू निरोप पोचवत. "तिला सर्दी झालीय." "यांचा गुडघा दुखतोय." दोन्हीकडून उत्तर एकच, "बरं."

गेल्या वर्षी एका बोगद्यात पाणी शिरलं आणि आत नऊ कामगार अडकले. कमरेला दोर बांधून जी तुकडी आत गेली तिच्यात लेक सर्वांत पुढं होती. चौदा तासांनी नऊच्या नऊ माणसं जिवंत बाहेर आली. हे सगळं टीव्हीवर दाखवत होते. काकू पदर तोंडाला लावून रडत होत्या आणि काका चौदा तास एकाच घड्याळाचं झाकण उघडत होते आणि लावत होते.

यंदाच्या भाषणाला आठ दिवस होते तेव्हा काकूंनी जिन्यावरूनच सांगितलं, "अहो, लेकीला बोलावलंय. राष्ट्राध्यक्ष बोगद्याचं सांगणार आहेत आणि तिला वरच्या सज्जात बसवणार आहेत."

"मग?"

"मग काय मग? टाळ्या पडतील. तुम्ही मोजाल ना?"

"सगळ्यांच्या मोजतो, तिच्याही मोजेन. एक सेकंद जास्त नाही, एक कमी नाही."

बोलायला ठणठणीत बोलले, पण त्या आठ दिवसांत काकांची झोप उडाली. टाळी रिवाजाची पडली तर? तक्त्यात लेकीसमोर स्वतःच्या हातानं 'रि' लिहावं लागणार. आणि खोटा 'म' लिहिला तर सव्वीस वर्षांचे तक्ते रद्दीत. चार वर्षं मुलीशी अबोला धरलेला हा माणूस सभागृहातल्या अनोळखी लोकांना मनात दटावत होता, की नीट वाजवा रे बाबांनो. माणसाचं सगळंच उफराटं असतं.

भाषणाच्या दिवशी काकू पहिल्यांदाच खाली दुकानात येऊन बसल्या. ते पाहून मंडळी जरा अवघडली. शिंप्यानं कोटाविषयी चकार शब्द काढला नाही, आणि बेकरीवाला "बोलायला काय जातंय" म्हणाला तेही पुटपुटत. काका स्टॉपवॉच मुठीत धरून नेहमीसारखे ताठ. बंदरं सात सेकंद, रि. डाकघरं पाच, रि. दवाखाने तेरा, रि. मग राष्ट्राध्यक्षांनी पान उलटलं आणि बोगद्याचं सांगायला सुरुवात केली.

सज्जात ती उभी राहिली. अंगात गडद निळा गणवेश, केस बारीक कापलेले, गालाची हाडं वर आलेली. हातांचं काय करावं हे न समजून तिनं ते मागं घेतले. बोगद्याच्या बातम्यांत नुसती शिरस्त्राणं दिसत होती. तिचा चेहरा काका चार वर्षांनी पाहत होते. ती थकल्यासारखी दिसतेय, हिला कुणी जेवायला घालतं की नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं. शाळाबाई उभ्या राहिल्या होत्या. "एक सुरकुती नाही गणवेशाला!" असं शिंपी ओरडला आणि डोळे पुसायला लागला.

राष्ट्राध्यक्ष पुढच्या विषयाकडं वळले तेव्हा काकांनी आकडा पाहायला हाताकडं नजर टाकली. हात रिकामा होता. स्टॉपवॉच समोर टेबलावर पडलं होतं, दवाखान्यांचे तेरा सेकंद तसेच दाखवत. तळहात लाल झाले होते आणि झणझणत होते. दुकानात सगळे त्यांच्याकडं बघत होते. काकांनी स्टॉपवॉच उचललं, शून्यावर आणलं आणि राहिलेलं भाषण मोजून पुरं केलं.

दुपारी चारला बातमीदाराचा फोन आला. सगळे आकडे घेऊन झाल्यावर तो म्हणाला, "आणि लेकीचे, काका? अख्खं शहर वाट बघतंय."

"नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"मोजायचे राहिले."

"एवढंच ना? परत दाखवणार आहेत संध्याकाळी. बघा आणि सांगा."

"ते माझ्यात बसत नाही. तिथं रेघ छापा."

"कारण काय देऊ?"

"कारण नको," काका म्हणाले आणि फोन ठेवला. खरं कारण पेपरात द्यायची त्यांना लाज वाटली. नियम पाळल्याचं समाधान तेवढं होतं, आणि आपण केवढा घोटाळा करून ठेवला आहे याची गंधवार्ता नव्हती.

ती वार्ता दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी दिली. पेपर हातात घेऊन त्या जिना उतरल्या. "सोळा विषय आणि पंधरा आकडे. पोटच्या पोरीपुढं रेघ! अहो, लोकांना काय वाटायचं ते वाटू दे. तिला काय वाटेल?"

काका पेपराकडं बघतच राहिले. काकू तरातरा वर निघून गेल्या. अर्ध्या तासानं दुकानातला फोन वाजला.

"बाबा."

बसावं म्हणून काकांनी मागं हात नेला, तर स्टूल सापडेना. ते उभेच राहिले.

"बंदरांचे सात सेकंद मोजलेत," ती म्हणाली. "डाकघरांचे पाच मोजलेत. माझ्यापुढं रेघ."

"हो."

"लोकांनी किती वाजवल्या ते मला नको होतं, बाबा. तुमच्या हातचा आकडा हवा होता. 'रि' लिहिलं असतंत तरी मी कापून ठेवला असता. माझ्या वेळी घड्याळ बंद ठेवायचं, एवढा राग?" शेवटचे शब्द तिला नीट बोलता आले नाहीत.

स्टॉपवॉच बिघडलं, हे उत्तर काकांच्या अगदी जिभेवर आलं होतं. एरवी कुणालाही ते पटलं असतं. पण घड्याळजीच्या दुकानात वाढलेल्या मुलीला ते सांगायची सोय नव्हती.

"बंद ठेवलं नाही गं. खाली ठेवलं."

"एकच ना ते?"

"एकच नाही. तू उभी राहिलीस. मग मी... घड्याळ हातात धरून टाळ्या कशा वाजवणार?"



"तुम्ही टाळ्या वाजवल्यात?"

"शाळाबाई म्हणतात, सभागृह थांबलं, दुकानातले थांबले, तरी मी थांबेना. शेवटी शिंप्यानं हात धरला म्हणे. मला त्यातलं काही आठवत नाही. मला तू दिसत होतीस." एकदा तोंड उघडलं होतं तर आता मागं फिरायचं नाही असं काकांनी ठरवलं. "चुकलो मी. तेव्हा बोललो ते फार चुकीचं बोललो. तुझं काम मोठं आहे, आणि तुझा बाप मीच आहे."

"हे सांगायला चार वर्षं लागली?"

"दर रविवारी वाटायचं, वर जावं आणि तुझ्या आईच्या हातातून फोन घ्यावा. जिन्यापर्यंत यायचो. पाय उचलायचा नाही."

ती रडत होती. काकाही रडत होते, पण ते हुंदका दाबायला खोकत असल्यामुळं नुसता खोकलाच ऐकू येत होता. नाक ओढत ती म्हणाली, "रविवारी येते मी. पण आईला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

काकांनी फोन ठेवला आणि दुकान तसंच उघडं टाकून जिना चढले. काकू इस्त्री करत होत्या आणि रागावलेल्या पाठीनं उभ्या होत्या.

"लेकीचा फोन होता," काका म्हणाले.

काकू वळल्या. "आज? आज कुठं रविवार आहे? काय निरोप दिलाय?"

"निरोप नाही. मीच बोललो तिच्याशी. रविवारी घरी येतेय."

काकूंनी इस्त्री उभी करून ठेवली. त्या काकांच्या डोळ्यांकडं बघत राहिल्या, ते खरंच रडलेले होते. चार वर्षं त्यांनी दोघांचे शब्द इकडून तिकडं वाहिले होते, कडू ते गाळून आणि गोड ते थोडं पदरचं घालून. आता पोचवायला कुणी निरोपच ठेवला नव्हता.

"मग आता मी काय करू?" त्या म्हणाल्या आणि त्यांना हसू आणि रडू एकदमच आलं.

"काही करू नको," काका म्हणाले. "बस जरा." आणि त्यांनी इस्त्रीचे कपडे सरकवून काकूंसाठी पलंगावर जागा केली.