चौघांचा शब्द

आमच्या बैठकीला तो हेल्मेट घालूनच बसायचा. पेणला गणपतीच्या एका कारखान्याच्या माळ्यावर प्रदूषणाविरुद्ध लढणारी आम्ही दहाबारा पोरंपोरी जमायचो. खाली रंगाचा वास, वर आमची भांडणं आणि कोपऱ्यात ते काळं हेल्मेट. चहा आला की काच बोटभर वर व्हायची, घोट आत जायचा, काच खाली.

"दादा, आम्ही काय दगड मारणार आहोत का?" एकदा मी चिडून विचारलं.

"तुमी नाय गो. पन तुमच्यातला कोन माझा फोटो स्टेटसला टाकंल, तवा?"

त्याचं नाव मी लिहिणार नाही. रोह्याजवळच्या एका वाडीतला, धाटावच्या एका केमिकल कंपनीत कंत्राटी कामगार. जोराचा पाऊस लागला की कंपनी टाकीतलं घाण पाणी ओहोळात सोडायची. पावसाच्या पाण्यात कोणाला पुरावा सापडतोय? तोच ओहोळ याच्या वाडीखालून जातो. त्यात कपडे धुऊन याच्या आईच्या पायांची सालं निघाली होती; दवाखान्यात ती मला एकदा भेटली होती. म्हणून तो आम्हाला खबर द्यायचा. निघताना म्हणायचा, "मी हितं आलोच नाय, ध्यानात ठेवा."

विष सोडणारे बिनघोर झोपत होते आणि घाबरत होता हा! मला संताप यायचा, आणि तो मी त्याच्यावरच काढला. तोंडावर भित्रा म्हणाले.

"व्हय, हायच," काचेआडून आवाज आला. "अ‍ॅसिडच्या लायनीवर सात वर्सं काढली. दोनी डोलं शाबूत हायेत. कशानं? भीतीनंच ना?"

एकदा बोलताबोलता तो म्हणाला, "काल दुपारी परत म्हातारी उघडली." म्हातारी म्हणजे टाकीच्या तळाचा जुना वॉल्व्ह. उघडताना खोकल्यासारखा आवाज करतो, म्हणून म्हातारी. शब्द मला इतका आवडला की पत्रकाचा मथळाच केला: 'म्हातारी उघडली, ओहोळ मेला!' त्याचं नाव नव्हतं, फोटो नव्हता. मी स्वतःवर खूश होते. रोह्याच्या स्टँडवर पत्रकं वाटली, धाटावच्या बसमध्येही वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"म्हातारी कुनी लिवलं गो?"

"मी."

"त्या वॉल्व्हला म्हातारी आमी चौघंच म्हनतो."

फोन कट. मग तीन दिवस बंद. सरकारी कचेऱ्यांसमोर घसा फाटेपर्यंत ओरडणारी मी, त्याच्या वाडीवर जाऊन चौकशी करायला धजावले नाही. मला तिथे कोणी पाहिलं तर? रिंग वाजली की आधी नंबर बघायचे. कोणाची बातमी येणार, त्याची की त्याच्या आईची?

चौथ्या दिवशी वडखळच्या नाक्यावर कोणीतरी हाक मारली. हातात पिशवी, डोक्यावर हेल्मेट नाही. आवाज नसता तर मी ओळखलं नसतं.

साहेबांनी चौघांना केबिनमध्ये उभं केलं होतं. नाव सांगा, नाहीतर चौघांचेही गेटपास जमा.

"मी म्हटलं, मीच. टेबल धरून बोललो. त्या तिघांना काय ठावंच नवतं गो."

"आता कुठे?"

"गुजरातला. हितं मला आता कोन गेटात घेतंय?"

मी माफी मागायला लागले. "रडू नको, लोक बघतायत," तो दबक्या आवाजात म्हणाला. "म्हातारीला वेल्डिंग मारली त्यांनी. दुसरी वाट काढतील. पावसात ओहोलावर जात जा. आन माझ्या आईकडं नको जाऊ. वाटंत दिसली तरी ओलख दावू नको."

बस आली, तो गेला. त्याची आई मला बाजारात दोनदा दिसली. दोन्ही वेळा मी मान फिरवली.

हा मजकूर छापायला देण्याआधी मी त्याला फोनवर अख्खा वाचून दाखवला. शेवटपर्यंत त्यानं ऐकलं. मग दोन गोष्टी बदलायला लावल्या. मी बदलल्या. कोणत्या, ते कृपा करून विचारू नका.