पाच घरांचा मुक्काम

ईट गावच्या स्टँडवरून सकाळची एसटी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत एक वही, दोन भाकरी आणि ठेचा एवढंच होतं. पितरपाट (पितृपंधरवडा) चालू होता. या दिवसांत आमच्याकडे कुणी नव्या कामाला हात घालत नाही, पण मुक्काम ठरवणं हे काही नवं काम नव्हे. कोजागरीला आमच्या गावची वीसेक माणसं अनवाणी तुळजापूरला चालत जातात. वाट ओळखीची असली तरी शेवटच्या टप्प्यातले मुक्काम दरवर्षी आधी जाऊन पक्के करावे लागतात. कुणाच्या पडवीत झोपायचं, पाणी कुठलं, पिठलं कोण टाकणार. हे काम बारा वर्षं माझ्याकडे होतं. मी प्राथमिक शाळेत शिकवतो. गुरुजी खोटं बोलत नाहीत, असं गाव धरून चालतं.

चार वर्षांपूर्वी याच वाटेवर आमच्यातल्या सोजरमावशी गेल्या. त्या कशा गेल्या, याबद्दल मी गावाला जे सांगितलं ते खरं नव्हतं. त्यानंतरही येरमाळा आणि येडशीच्या मधला मुक्काम मी हायवेवरच्या एका लग्नाच्या कार्यालयातच ठेवत आलो, म्हणजे मावशी जिथं सापडल्या तिकडं जावं लागू नये. यंदा कार्यालयाच्या मालकाचा फोन आला, "गुरुजी, आता तिथं गोडाऊन केलंय." आमच्या दिंडीचे म्होरके तात्या म्हणाले, "मग टाका की जुन्या धनगरवस्तीवर. जुनं ते बरं." तात्या म्हणजे मावशींच्या मुलीचे, मंगलचे सासरे. मंगल गावातल्या गावातच दिलेली. तात्यांना नाही म्हणायला माझ्याकडं कारण नव्हतं. खरं कारण तर अजिबातच सांगण्यासारखं नव्हतं.

येरमाळ्याला उतरलो. येडाईच्या (येडेश्वरीच्या) डोंगराकडं तोंड करून हात जोडले आणि शालनबाईंच्या घरी गेलो. आमचा पहिला मुक्काम त्यांच्या पडवीत असतो. बाई अंगणात मूग निवडत होत्या.

"उशीर केलात, गुरुजी."

"कशाला उशीर?"

"तुमच्या गावच्या बाया सकाळीच जोगवा घेऊन गेल्या की. परडीवाल्या. दोघी होत्या."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. परडी म्हणजे आईची (तुळजाभवानीची) वेताची टोपली. आत कवड्या, हळदकुंकू. ज्या बाईनं परडी घेतली तिनं पाच घरी जोगवा (देवीच्या नावानं पीठमीठ) मागायचा. चालणीला (पायी वारीला) निघाली की प्रत्येक मुक्कामाच्या गावी पाच घरं. चार चालत नाहीत. आणि वाटेत परडी भुईला टेकवायची नाही.

"पितरपाटात जोगवा?" मी विचारलं.

"म्याबी तेच म्हणलं. तर तरणी म्हणली, आज आईची तिथी हाय. दुसरी म्हातारी होती, ती रस्त्यावरच उभी. म्हणलं, मावशी, सावलीला या. न्हाय आली. हालली पण न्हाय."

"नावं सांगितली?"

आतून शालनबाईंचे मालक ओरडले, "अगं, च्या दे की त्यांना आधी! आन् गुरुजी, हजेरी शाळेत घ्या, हितं नगं."

मी हसलो. उंबऱ्यावर पिठाची बोटभर रेघ सांडलेली होती. मला तिच्यावरून पलीकडं जाववेना. चहा अंगणातच प्यालो आणि निघालो.

येरमाळ्याच्या पुढं माळ लागतो. दोन्ही अंगाला पिवळी पडलेली सोयाबीन, मधूनच तुरीचा हिरवा पट्टा आणि दूर डोंगराच्या कडेनं पवनचक्क्या. वाऱ्याचं नाव नव्हतं. तुरीचं पानसुद्धा हलत नव्हतं, पण एक पवनचक्की सावकाश फिरत होती. एकच. बाकीच्या हात पसरून उभ्या. वर वारा असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि पुन्हा तिकडं बघायचं टाळलं. अर्ध्या तासात चपलेचा अंगठा तुटला. चपला पिशवीत घातल्या आणि अनवाणी चालू लागलो. डांबर भाजत होतं.

पंक्चरच्या टपरीवर पाणी मागितलं. टपरीवाला टायरवर बसून भाकरी खात होता.

"परडीवाल्या दोघी दिसल्या का इकडनं जाताना?"

"का हो मास्तर, बायको पळाली का?" तो आपल्याच विनोदावर खूश झाला. मग म्हणाला, "एकटीच होती. पर बोलत चालली होती. शेजारी कुणी असल्यावानी. मधीच थांबायची, मागल्याला गाठू द्यावं तशी. म्या आवाज दिला, वहिनी, गाडी थांबवू का? तर म्हणली, आमी चालतच जातो." त्यानं घास गिळला. "आमी म्हणली."

पाणी मला गार लागलं नाही की गरम लागलं नाही.

भर दुपारी कार्यालय आलं. शटर ओढलेलं, ओट्यावर सोयाबीनची पोती. समोर चौपदरी रस्ता, मागं माळ. मी ओट्यावर बसलो. भाकरी सोडली आणि परत बांधली. आता सांगतो.

धनगरवस्तीवर झोपायला जागा चांगली होती, पण पंखा नव्हता, नळ नव्हता, मोबाइल चार्ज व्हायचे नाहीत. चार वर्षांपूर्वी मी हे कार्यालय शोधलं तेव्हा सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मी पंखे बघितले, संडास बघितले. भोवती घर एकही नाही, हे बघितलं नाही. संध्याकाळी सगळे पाय चोळत बसले असताना सोजरमावशी परडी हातात घेऊन माझ्याकडं आल्या.

"गुरुजी, हितं पाच घरं न्हायत की."

"उद्या दोन्ही दिवसांचं मागा, मावशी."

"असं चालत न्हाय."

मी दमलेलो होतो. टँकरवाला आला नव्हता आणि लोक मला बोल लावत होते. मी म्हणालो, "मग जा तुमच्या जुन्या वस्तीवर. जा! घ्या परडी आणि जा!"

ऐकायला शेजारी कुणी नव्हतं. मावशींनी मान हलवली. मी परवानगी दिली, असं त्यांना वाटलं. तासाभरानं माणसं मोजली तेव्हा एक कमी भरलं. बायकांत असतील म्हणून मी गप्प बसलो. सकाळी वस्तीवरचा माणूस सांगत आला, तुमची म्हातारी आमच्यात बसलेल्या जागी गेलीय. सगळे माझ्याकडं बघायला लागले, आणि माझ्या तोंडून निघालं, "दोन दिवसांपासून त्यांना भ्रम झाला होता. मला माझ्या आईच्या नावानं हाक मारत होत्या."

हाक मारण्याचं मी कशाला जोडलं, ते मला आजही कळत नाही. पण त्यामुळंच सगळ्यांना ते पटलं.

वस्ती कार्यालयापासून कच्च्या वाटेनं पाऊण तास. अनवाणी मला तासभर लागला. पाचातली चार घरं जिवंत होती. मेंढरं रानात गेलेली. कुत्री होती, सावलीत जागी होती, पण माझ्यावर एकही भुंकलं नाही. प्रत्येक उंबऱ्यावर पीठ सांडलेलं. पाचवं घर कडेला, कुलूपबंद, पत्र्यावर कावळे. तिथल्या लोकांनी पाच वर्षांपूर्वीच बिऱ्हाड हायवेला हलवलं होतं. या घराच्या पायरीवर मावशी सापडल्या होत्या. मालक येईल म्हणून वाट बघत बसलेल्या, परडी मांडीवर.

पायरीवर बाई बसली होती. परडी मांडीवर, डोईवर पदर, मान खाली. मी कुंपणाशी थांबलो.

तिनं मान वर केली. मंगल होती.

"या गुरुजी. मुक्काम ठरवायला आलात व्हय?"

"तू... एकटी?"

तिनं नुसतं शेजारच्या जागेकडं बघितलं.

"आई गेली तवा ह्या परडीत चार घरांचा जोगवा होता," ती म्हणाली. "ह्या वस्तीवरच्या आजी सांगत्यात, तुझी आई घरं मोजत होती. ज्या बाईला भरम झालाय ती घरं मोजती का, गुरुजी? चार झाली, पाचवं राह्यलं, हे तिला कळत होतं. मग तुमच्या आईच्या नावानं तुम्हाला हाक कशी मारंल?"

मी उभ्या उभ्या सांगितलं. आत्ता वर लिहिलं तसंच, तेवढ्याच शब्दांत. माझं झाल्यावर एवढंच म्हणाली, "म्हंजी ती शुद्धीवर होती."

"होती."

"मामंजींनी ही परडी चार वर्षं गोठ्यात टांगलीय. येड्या बाईची परडी घरात नगं म्हणून. मला म्हणत्यात, आईवर जाशील. पोराला जरा ताप आला की माझ्याकडं बघत्यात." तिनं पदर सारखा केला. "आज न विचारता काढून आणली."

"मंगल, मी..."

"मला सांगून काय उपेग? मला ठावंच होतं. पारावर सांगा. मामंजींच्या म्होरं."

मी पिशवीतली भाकरी काढली आणि म्हणालो, पाचवा जोगवा माझा घे.

"घर लागतं, गुरुजी. माणूस न्हाय."

तेवढ्यात वस्तीवरच्या आजी काठी टेकत आल्या. हायवेला निरोप धाडलाय, म्हणाल्या. सून किल्ली घेऊन येतीय, पीठबी घेऊन येतीय. मंगल बसून राहिली. मी आजींशी वीस माणसांचा मुक्काम बोललो. पाणी बोअरचं आहे, निजायला पडवी आणि अंगण. वहीत लिहून घेतलं. अक्षर मुलांच्यासारखं आलं. परतताना कुलूप निघाल्याचा आवाज ऐकला. मग "आईऽ राजाऽ उदो उदो!" एक आवाज मंगलचा होता. दुसरा किल्ली घेऊन आलेल्या सुनेचा असणार. मी वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर सगळे जमले.

"बोला गुरुजी," तात्या म्हणाले, "कुठं कुठं मुक्काम?"

मी मुक्काम वाचून दाखवले आणि वही न मिटता पुढचं सांगितलं. तात्या माझ्याकडं नव्हे, आपल्या तळहातांकडं बघत होते. म्हणाले, "म्या ती परडी गोठ्यात टांगली. तुमच्या शब्दावर." मग उठले. "वही ठिवा हितं. मुक्काम तुमी ठरवलेत ते बरोबर हायत. पर तुमी यायचं न्हाय."

ज्या वाटेनं मी तुम्हाला घेऊन गेलो, तिच्यावर यंदा मी चाललो नाही. प्रवासाहून परतलेला माणूस हलका होतो म्हणतात. मी झालो नाही. चार वर्षं एका मेलेल्या बाईला मी वेडी ठरवून ठेवलं होतं, आणि ते फिटावं म्हणून एका जिवंत बाईला उन्हात चालावं लागलं. मी फक्त उशिरा पोचलो.

दिंडी निघाली त्या सकाळी मंगल पुढं होती. परडी नव्या वस्त्रात, मागं तात्या, अनवाणी. निघताना ती आमच्या गल्लीत जोगव्याला आली. माझी बायको पिठाची वाटी घेऊन दारात उभी राहिली. मी तिच्या मागं होतो. मंगल उदो म्हणत आली आणि आमच्या दारावरून, आमच्याकडं न बघता, पुढं गेली.

गल्लीत सहा घरं आहेत. तिनं पाच घेतली.