आधी पाणी

कनेरगाव नाक्यावर तातेरावांचा ढाबा आहे. माणूस टेकला की आधी पाण्याचा तांब्या, मग "कोन्या गावचे?" ही तिथली रीत. त्यांची लेक राजनंदिनी दिल्लीत एका संस्थेची धोरण सल्लागार. निर्वासित लेकरांना शाळेत घ्या, म्हणून ती वर्षानुवर्षं सरकारी साहेबांशी भांडत आली. साहेब म्हणायचे, "आधी कागद दाखवा." तिचं डोकं तापायचं. "आमच्या ढाब्यावर आधी पाणी देतात, मग गाव विचारतात! लेकराला आधी वर्गात बसवा, कागद मागाहून बघा."

परवा साहेबांनी एकदाचं मान्य केलं. ते सांगायला ती न कळवता ढाब्यावर येऊन बसली. गिऱ्हाइकांच्या गर्दीत तातेरावांनी न बघताच तांब्या ठेवला अन् विचारलं, "कोन्या गावचे?"

राजनंदिनी आधी घटाघटा पाणी प्यायली. मग म्हणाली, "तुमच्याच घरची, बाबा!"